लकव्याच्या लेखात एक गोष्ट राहिली

मा. संपादक, स.न.वि.वि.

गेल्या रविवारच्या पुरवणीत लकव्यावर पानभर लेख होता, लक्षणं, बीपी, शुगर, लगेच दवाखान्यात न्या वगैरे, ते सगळं बरोबरच आहे, पण ज्याचं बोलणं गेलंय अशा पेशंटला घरी आणल्यावर त्याच्याशी बोलायचं कसं यावर एक ओळ नाही. म्हणून लिहितेय, लांबलं तर कापा.

माझ्या सासऱ्यांना, अण्णांना, नेहमीसारखा एका बाजूचा लकवा नव्हता. मेंदूच्या खाली देठासारखा भाग असतो ना, ब्रेनस्टेम, तिथे स्ट्रोक आला आणि हातपाय, मान, जीभ, गिळणं सगळंच एका झटक्यात बंद. हॉस्पिटलात त्यांच्या उशाशी उभं राहूनच आम्हाला सांगितलं गेलं की ह्यांना आता काही कळत नाही, आणि आम्ही ते मानलं. इंदिरानगरला घरी आणलं, मग त्यांच्यासमोरच खर्चाचे हिशोब, रात्री कोण जागणार यावरून कुरबुरी, सगळं चालायचं.

मुलाने एका रात्री लॅपटॉपवर 'द डायव्हिंग बेल अँड द बटरफ्लाय' लावला. फाळक्यांच्या नाशकात राहून मी थिएटरला वर्षातून एकदा जाणारी बाई, फ्रेंच पिक्चर इंग्लिश सबटायटल वाचत बघायचा म्हणजे शिक्षाच, दहादा थांबवून बघितला. पण गोष्ट खरी आहे. ज्याँ-दोमिनिक बोबी, पॅरिसच्या 'एल' साप्ताहिकाचा संपादक, वय ४३, डिसेंबर १९९५ मध्ये असाच स्ट्रोक, वीस दिवसांनी शुद्धीवर आला तर डोकं एकदम शाबूत आणि हलतोय फक्त डावा डोळा. त्या एका पापणीने अक्षर अक्षर सांगून त्याने अख्खं पुस्तक लिहून घेतलं, मार्च १९९७ मध्ये ते छापून आलं आणि दोनतीन दिवसांत तो गेला. त्यावर २००७ मध्ये जुलियन श्नाबेलने हा पिक्चर काढला, फ्रान्समधल्या कान चित्रपट महोत्सवात त्याला दिग्दर्शनाचं बक्षीसही मिळालं.

मला बक्षिसांचं काही नाही, मला सुरुवातीचा भाग चटका लावून गेला. कॅमेरा त्याच्या डोळ्याच्या जागीच ठेवलाय, धूसर दिसतं, माणसं एकदम तोंडाजवळ येऊन बोलतात, त्याची उत्तरं आपल्याला ऐकू येतात पण समोरच्यांना नाही. आम्ही अगदी असंच करायचो, वाकून मोठमोठ्याने, "अण्णाऽऽ, बरं वाटतंय का?" जणू ते बहिरे झालेत. उजवा डोळा शिवतात तो सीन मात्र मी पुढे ढकलला, तुम्हीही ढकला.

दुसऱ्या दिवशी मी अण्णांना म्हटलं, कळत असेल तर वर बघा. बघितलं. परत म्हटलं, परत बघितलं. नंतर फिजिओथेरपीवाल्या ताईंनी समजावलं की डोळे वर-खाली करायची सोय मेंदूत त्या बिघडलेल्या भागाच्या वर असते म्हणून तेवढी वाचते, डोकं शाबूत पण शरीर बंद, या अवस्थेला लॉक्ड-इन म्हणतात.

आता खरी अडचण. पिक्चरमध्ये एक बाई बोबीसमोर अक्षरं वाचत जाते, हवं ते आलं की तो पापणी मिटतो; अक्षरं ए बी सी अशी सरळ नाही, तर ई, एस, ए, आर, म्हणजे फ्रेंचमध्ये जे अक्षर जास्त लागतं ते आधी. आपल्याकडे मात्र बाराखडी! क पासून म्हणत प पर्यंत येईतो माणूस दमतो, वर काना-मात्रा, जोडाक्षरं. शेवटी साडीच्या खोक्याचा पुठ्ठा घेतला, स्केचपेनने क-च-ट-त-प अशा ओळी लिहिल्या, आधी ओळ विचारायची मग अक्षर, वर बघितलं की हो, डोळे मिटले की नाही. काना-मात्रा सोडूनच दिल्या, अंदाजाने लावायच्या. आणि अण्णांचं निम्मं बोलणं 'नको'च असायचं म्हणून न आणि क सगळ्यात वर घेतले.

पहिला शब्द आला प, ख. आम्ही सगळे गहिवरलो, आमचे साहेब म्हणजे माझे मिस्टर म्हणाले, अण्णांना पाखरं बघायचीयेत, पलंग खिडकीशी घ्या. घेतला. अण्णांनी डोळे घट्ट मिटले. परत प, ख. अर्ध्या तासाने कामवाल्या मावशी म्हणाल्या, अहो पंखा म्हणत असतील. जानेवारीतली नाशिकची थंडी, आणि डास बसू नयेत म्हणून आम्ही घरी आणल्यापासून त्यांच्या डोक्यावर पंखा फिरवत ठेवला होता.

अण्णा त्यानंतर सव्वा वर्ष होते. पुठ्ठ्यावर भांडलेसुद्धा, एकदा माझ्या मिस्टरांना 'गढव' म्हणाले, ते मात्र मात्रांशिवाय लगेच कळलं.

तर विनंती अशी की पुरवणीत अर्धं पान असा मराठी अक्षरतक्ता छापा, लोकं कापून पुठ्ठ्यावर चिकटवतील. दरवेळी कुणाला पिक्चर सापडेलच असं नाही. टाइप मोठा ठेवा, झोपल्या माणसाला चष्म्याशिवाय दिसला पाहिजे, न आणि ण वेगळ्या रंगात घ्या, आणि कोपऱ्यात काही शब्द आधीच छापून टाका, पाणी, दुखतंय, कूस बदला, टीव्ही बंद, आणि पंखा.

– एक वाचक, इंदिरानगर, नाशिक