हत्यारांच्या पेटीविषयी

तीर्थरूप आई-बाबा,
शिरसाष्टांग नमस्कार.

बाजारात पत्र्याच्या आणि प्लॅस्टिकच्या हव्या तेवढ्या पेट्या मिळत असताना, नोकरी सांभाळून आणि विजेचे एकही यंत्र न वापरता लाकडी पेटी करण्याचा हा खटाटोप कशासाठी, असे बाबांनी फोनवर विचारले होते. तेव्हा नीट सांगता आले नाही, म्हणून हे पत्र.

इथे इंग्लंडात, केंटमध्ये, रॉचेस्टरच्या गिल्डहॉल संग्रहालयात, हत्यारांची एक जुनी पेटी आहे. जोसेफ सीटन या गृहस्थांनी १७९६ च्या डिसेंबरात आपल्या मुलासाठी लंडनच्या ख्रिस्तोफर गॅब्रिएल यांच्याकडून सुतारकामाची हत्यारे घेतली. मुलाने, म्हणजे बेंजामिनने, पुढच्या वर्षी त्या हत्यारांसाठी पेटी केली आणि कोणते हत्यार कितीला पडले याची यादीही करून ठेवली. दोनशेंच्या वर हत्यारे आहेत आणि त्यांतली बरीचशी जवळजवळ कोरी राहिली आहेत. (बापाने एवढे पैसे घातले आणि पोराने ती धड वापरलीही नाहीत, हे वाचून आई चिडेल. मला मात्र तो बेंजामिन त्याच्या यादीमुळे आवडला.)

माझी पेटी त्याच घाटाची असली तरी आकाराने लहान आहे. लांबी तीन फूट ठेवली, कारण लांबात लांब करवत आत आडवी बसली पाहिजे. तळाच्या फळ्या लांबीत न घालता पुढून मागे अशा घातल्या आहेत. एकीची जीभ दुसरीच्या खाचेत बसते आणि खिळे फक्त कडांना आहेत, त्यामुळे दमट हवेत लाकूड फुगले तरी त्याला जागा मिळते आणि पुढेमागे एखादी फळी कुजली तर तेवढीच बदलता येते. पावसाळ्यात आपले मागचे दार कसे अडते, हे तुम्हांला सांगायला नकोच.

कोपऱ्यांना डव्हटेलचे सांधे आहेत. पाचरीसारख्या त्या दातांमुळे फळी एका दिशेने ओढली तरी सुटत नाही. मात्र दुसऱ्या दिशेला भिस्त सरसावरच असते. म्हणून खाली चारही बाजूंनी जी पट्टी फिरते, तिचे सांधे उलट दिशेने कापायचे, म्हणजे पेटीचा सांधा सैल झालाच तर पट्टी त्याला धरून ठेवते. रेघ पेन्सिलीने न मारता चाकूने मारते, कारण चाकूच्या चिरेत पटाशीची धार आपोआप टेकते. मग एका बाजूने अर्ध्यापर्यंत कापायचे आणि फळी उलटून दुसऱ्या बाजूने. एकाच बाजूने आरपार गेले तर पलीकडचे तंतू फाटतात. सांधा ठोकून बसवताना आवाज आधी पोकळ येतो आणि फळी पूर्ण टेकली की एकदम बद्द होतो, तिथेच हात थांबवायचा.

बाबा, तुम्ही सागवानात काम केलेले आहे. साग पटाशीची धार लवकर खातो, तर माझ्या पेटीचे पाइनचे लाकूड इतके मऊ की धार जराशी उतरली तरी फळीच्या टोकाचे तंतू कापले न जाता चुरडतात. मऊ लाकडाला धार जास्त लागते, हे मला आधी पटतच नव्हते. आता निम्मा वेळ दगडावर जातो आणि त्याचे काही वाटत नाही.

बाहेरून तैलरंग देऊन झाला आहे. आतला भाग मात्र मुद्दाम रिकामा ठेवला आहे, कारण खण हत्यारांच्या मापाने करायचे असतात आणि ज्या हत्यारांसाठी ही पेटी केली, ती तुमच्याकडे माळ्यावर आहेत. आजोबांचे रंधे, पटाश्या, लाकूड तासायचा वाकस आणि भोके पाडायचा सामता, यांतले काहीही भंगारवाल्याला देऊ नये, ही विनंती. आई, आवरासावर करताना एवढे लक्षात असू दे. बाबांनी स्वतः शिडीवर चढू नये. शेजारच्या एखाद्या मुलाकडून सगळे खाली काढून घ्यावे आणि प्रत्येकाची लांबी, रुंदी व उंची लिहून पाठवावी. वाकसाचे माप दांड्यासकट घ्यावे. रंध्यांची पाती काढून गंज कितपत चढला आहे तेही पाहावे आणि मी येईपर्यंत सगळ्या लोखंडाला तेलाचा हात द्यावा. माझे तिकीट दिवाळीच्या आधीचे आहे, त्यामुळे मापे गणपतीपर्यंत हाती आली तर निघण्यापूर्वी खण तयार होतील.

तुमची,
लेक