विषय: अपघात दाव्यात घसाऱ्याची चुकीची कपात आणि न समजणारे हिशेबपत्र

प्रति,
तक्रार निवारण अधिकारी,
मोटार विमा दावे विभाग

महोदय / महोदया,

माझ्या चारचाकीची ओन डॅमेज (स्वतःच्या गाडीच्या नुकसानीची) पॉलिसी आपल्या कंपनीकडे आहे. मागच्या महिन्यात समोरून आलेल्या टेम्पोला चुकवताना गाडी दुभाजकावर गेली. आपल्या सर्व्हेअरने पाहणी केली, दुरुस्तीला मंजुरी दिली आणि काम झाले. इथपर्यंत माझी काहीही तक्रार नाही. सर्व्हेअर वेळेवर आले आणि नीट वागले. तक्रार आहे ती त्यानंतर आलेल्या एका पानाच्या हिशेबपत्राची. त्यात बिलाची रक्कम, 'घसारा' (जुन्या भागांच्या झिजेपोटी केलेली कपात), 'इतर वजावट' आणि देय रक्कम एवढेच आकडे आहेत. कोणत्या भागावर किती टक्के कापले आणि पॉलिसीच्या कोणत्या कलमाखाली कापले, याचा एका शब्दानेही उल्लेख नाही. बिल आणि पॉलिसीची पुस्तिका शेजारी ठेवून मी स्वतः आकडेमोड केली, तेव्हा चूक सापडली.

माझी गाडी दोन वर्षे चार महिने जुनी आहे. आपल्याच पुस्तिकेतील पहिल्या कलमात भागांच्या घसाऱ्याचे कोष्टक छापलेले आहे. रबर, नायलॉन आणि प्लॅस्टिकचे भाग, टायर-ट्यूब, बॅटरी व एअरबॅग यांवर ५० टक्के, फायबर ग्लासवर ३० टक्के आणि काचेवर शून्य. उरलेल्या भागांचा, म्हणजे पत्र्याचाही, घसारा गाडीच्या वयाप्रमाणे ठरतो. दोन ते तीन वर्षे वयाच्या गाडीला तो १५ टक्के आहे. बोनेट, डावा फेंडर आणि दरवाजा यांचे बिल ३८,००० रुपये झाले. त्यावर ५,७०० रुपये कापायला हवे होते. आपण ११,४०० कापले, म्हणजे ३० टक्के.

हे ३० टक्के आले कुठून, हे मी ग्राहक सेवेला विचारले. "गाडी दोन वर्षांवर गेली की घसारा तीस टक्केच असतो," असे उत्तर मिळाले. तीस टक्के हा आकडा खरा आहे, पण तो आयडीव्हीच्या, म्हणजे गाडीच्या विमा घोषित मूल्याच्या, कोष्टकातला आहे. गाडी चोरीला गेली किंवा पूर्ण निकामी झाली तर किती रक्कम द्यायची, हे आयडीव्हीवरून ठरते आणि त्यासाठी उत्पादकाच्या विक्री किमतीतून वयाप्रमाणे घट धरतात. दुरुस्तीचा खर्च आयडीव्हीच्या ७५ टक्क्यांवर गेला तरच गाडी टोटल लॉस, म्हणजे पूर्ण निकामी, धरली जाते. माझी गाडी त्याच्या जवळपासही नव्हती. आंशिक नुकसानीचा दावा भागांच्या कोष्टकाने सोडवायचा असतो. ही दोन कोष्टके वेगळी आहेत, हे दावे विभागात बसलेल्या माणसाला माहीत नसावे, याचे मला वाईट वाटते. कारण समोरच्या ग्राहकाला ते माहीत असण्याची शक्यता त्याहून कमी.

दुसरी चूक रंगकामाची. आपल्या पुस्तिकेप्रमाणे रंगाच्या बाबतीत ५० टक्के घसारा फक्त साहित्याच्या खर्चावर लागतो, मजुरीवर नाही. वर्कशॉपने साहित्य आणि मजुरी एकत्र लावली असेल तर एकूण रंगकामाच्या २५ टक्के रक्कम साहित्याची धरायची. माझे रंगकामाचे बिल एकत्रितच होते, १८,००० रुपयांचे. त्यातले साहित्य ४,५०० आणि त्याच्या निम्मे २,२५०, एवढीच कपात व्हायला हवी होती. आपण सरळ ९,००० कापले.

या दोन बाबींत मिळून १२,४५० रुपये मला कमी मिळाले आहेत. शिवाय 'इतर वजावट' या नावाखाली २,६०० रुपये कापले आहेत, ज्याचे कारण कुठेही दिलेले नाही. माझ्या गाडीचे इंजिन १५०० सीसीपेक्षा लहान असल्याने सक्तीची वजावट (दाव्यात ग्राहकाने स्वतः सोसायची रक्कम) १,००० रुपये आहे, आणि ती वेगळ्या ओळीत आधीच कापलेली आहे. मी ऐच्छिक वजावट घेतलेली नाही. मग हे २,६०० कसले?

पुढचा गैरसमज टाळण्यासाठी सांगतो: बंपर, ग्रिल व इतर प्लॅस्टिकच्या भागांवर निम्मे कापले, ते मला मान्य आहे. मी झिरो डेप (घसारा न कापण्याचे जादा संरक्षण) घेतलेले नाही आणि त्याचा लाभ मागतही नाही. जेवढे पॉलिसीत लिहिले आहे, तेवढेच हवे आहे.

हे पैसे माझ्या दृष्टीने महत्त्वाचे आहेतच, पण मला खरा त्रास वाटतो तो वेगळ्याच गोष्टीचा. हा दावा केल्यामुळे माझा २५ टक्क्यांचा नो क्लेम बोनस, म्हणजे दावा न केल्याबद्दल हप्त्यात मिळणारी सूट, जाणार. तो पुढच्या नूतनीकरणाला ३५ टक्के झाला असता, आता शून्यावर येईल. दावा करावा की खर्च स्वतः सोसावा, हे ठरवताना ग्राहक दाव्यातून मिळणारी रक्कम आणि जाणारा बोनस या दोन रकमा शेजारी ठेवतो. त्यातली एकच जर कंपनीने चुकीची काढली तर त्याचा निर्णयच फसतो. विकताना "फुल इन्शुरन्स आहे, काळजी नको" म्हणायचे आणि पैसे देताना दोन शब्दांत कपात उरकायची, ही पद्धत मला अन्यायाची वाटते. माझ्यासारख्या किती जणांनी ते पान बघून गप्प फाइल बंद केली असेल, याची आपल्या विभागाने खरोखर चौकशी करावी.

माझ्या मागण्या अशा. १२,४५० रुपये माझ्या बँक खात्यात जमा करावेत. २,६०० रुपयांचे कारण कलमासह लेखी द्यावे किंवा तेही परत करावेत. सर्व्हे अहवालाची प्रत द्यावी. आणि प्रत्येक भागाचे नाव, त्याचे साहित्य, लावलेला घसारा व संबंधित कलम दाखवणारे सुधारित हिशेबपत्र मराठीत द्यावे. फोनवरचे उत्तर मी उत्तर मानणार नाही.

दोन आठवड्यांत लेखी निर्णय न आल्यास मी विमा नियामक आयआरडीएआयच्या बिमा भरोसा पोर्टलवर तक्रार नोंदवेन. हे पत्र मिळाल्यापासून एक महिन्यात समाधानकारक उत्तर न मिळाल्यास विमा लोकपालांकडे जाईन.

सोबत: हिशेबपत्र, वर्कशॉपचे बिल, आरसीची प्रत, पॉलिसीच्या पहिल्या कलमाची पाने (दोन्ही तरतुदी अधोरेखित केल्या आहेत).

आपला,
पॉलिसीधारक