पलंगाजवळची खुर्ची

मा. संपादक,
स. न. वि. वि.

हॉस्पिसवरच्या, म्हणजे बरं न होणाऱ्या रुग्णांची शेवटच्या दिवसांत काळजी घेणाऱ्या ठिकाणावरच्या, आपल्या लेखात मॉर्फिनपासून जखमांच्या ड्रेसिंगपर्यंत सगळं नीट आलं आहे. आध्यात्मिक आधाराच्या वाट्याला मात्र शेवटचं एकच वाक्य आलं, प्रार्थनेची सोय असावी म्हणून. मी २२ वर्षं हॉस्पिसमध्ये परिचारिका होते. माझी हरकत त्या वाक्याला आहे.

ज्याला प्रार्थना हवी त्याला ती जरूर मिळावी. पण आमच्याकडे गणिताचे एक निवृत्त शिक्षक होते, पक्के नास्तिक. कुणीतरी चांगल्या भावनेनं त्यांच्या उशाशी प्रार्थना सुरू केली आणि त्यांनी भिंतीकडे तोंड फिरवलं. आधी त्यांना विचारलंच नव्हतं. पाळी माझी होती, म्हणून चूकही माझीच. रात्री खुर्ची ओढून बसले नि म्हटलं, "सर, मनात काय चाललंय?" बराच वेळ गप्प. मग म्हणाले, "एका पोराला मी वर्गात सगळ्यांदेखत ढ म्हटलं. त्यानं शाळाच सोडली." ४० वर्षांपूर्वीची गोष्ट! दुखण्यावरचा डोस चालूच होता, पण हे दुखणं त्याला कुठलं बधायला? 'जाऊ द्या हो, सर' असं तोंडावर आलं होतं, ते गिळलं. त्यांनी सांगितलं तसं त्या मुलाला पत्र लिहून घेतलं. पत्ता कुणालाच ठाऊक नव्हता. पत्र उशीखालीच राहिलं, पण सर त्या रात्री झोपले.

लंडनमध्ये १९६७ साली सेंट ख्रिस्तोफर्स हॉस्पिस उभारणाऱ्या सिसिली सॉन्डर्स आधी परिचारिका, मग समाजसेविका आणि त्यानंतर डॉक्टर झाल्या. शरीराची, मनाची, घरच्या काळजीची आणि आत्म्याची वेदना एकमेकींत गुंतलेली असते, हे त्यांनी मांडलं. अशा रुग्णांचा त्रास कमी करणाऱ्या सेवेच्या (पॅलिएटिव्ह केअर) जागतिक आरोग्य संघटनेच्या २००२च्या व्याख्येतही आध्यात्मिक प्रश्न आहेत, आणि कुटुंबही आहे.

कुटुंबाचं तर वेगळंच. शेवटी माणूस खाणं सोडतो, घशात घरघर लागते. "आम्ही बाबांना उपाशी मारतोय का?" हे मुलगी डॉक्टरांना विचारत नाही, वॉर्डबाहेर मला गाठून विचारते. शरीराला आता अन्न पेलत नाही, ती घरघर आपल्याला ऐकवत नाही तेवढा त्यांना तिचा त्रास बहुधा होत नसतो, हे तिला शांतपणे सांगणं मी आध्यात्मिक आधारातच धरते. शिवाय 'बरं वाटेल हं' हे नाटक! घरचे रुग्णापुढे करतात, रुग्ण घरच्यांपुढे, आणि माझ्याजवळ येऊन दोघंही वेगवेगळे रडतात.

आमच्या तक्त्यावर नाडी, ताप, दहापैकी दुखणं किती, सगळ्याला रकाने होते. रुग्ण आज काय बोलला, याला नव्हता. तो घालावा आणि पाळी लावताना बसण्याचा वेळही कामात धरावा, एवढंच मागणं आहे. सरांजवळ बसलेली पाहून वरिष्ठांनी मला विचारलं होतं, "सिस्टर, काम नाही का?"

आपली,
एक निवृत्त परिचारिका