आनंदीबाईंच्या परिसरातील एका शाळेसाठी आवाहन

सप्रेम नमस्कार,

फिलाडेल्फियाला नव्याने आलेला मराठी माणूस आनंदीबाई जोशी यांचे महाविद्यालय कुठे होते, हे हमखास विचारतो. शहराच्या उत्तर भागात, नॉर्थ कॉलेज अव्हेन्यूवर ते होते आणि मार्च 1886 मध्ये तेथूनच त्या डॉक्टर झाल्या. त्या भागाशी आपला संबंध बहुधा एवढ्यावरच संपतो. तेथून पायी जाता येईल इतक्या अंतरावर, टॉमसन स्ट्रीटवर असलेल्या जेझू स्कूल या प्राथमिक शाळेसाठी आपल्या मराठी मंडळाची सामाजिक उपक्रम समिती आपल्याकडे मदत मागत आहे.

जेझुइट या कॅथलिक संघाच्या धर्मगुरूंनी 1868 मध्ये येथे स्थापन केलेल्या धर्मग्रामाची, म्हणजे एका चर्चशी जोडलेल्या भाविकांच्या पॅरिशची, ही शाळा. पुढे कारखाने गेले, त्यांच्यामागे रोजगार गेला, वस्ती बदलली आणि 1993 मध्ये पॅरिश बंद झाली. अशा वेळी शाळेलाही सहसा कुलूप लागते. परंतु जेझुइट आणि इमॅक्युलेट हार्ट ऑफ मेरी संघाच्या सिस्टर्स यांनी ती स्वतंत्र कॅथलिक शाळा म्हणून चालू ठेवली. स्वतंत्र म्हणजे पाठीशी पॅरिशची तिजोरी नाही, आणि सरकारी शाळा नसल्यामुळे सरकारी शाळांना मिळणारा करांचा पैसाही नाही. बालवर्गापासून आठवीपर्यंतची येथील मुले प्रामुख्याने आफ्रिकन-अमेरिकन कुटुंबांतील असून त्यांतील बहुसंख्य कॅथलिक नाहीत. घरी रामरक्षा आणि शाळेत ‘अवर फादर’ म्हणत वाढलेल्या आपल्यातल्या अनेकांना यात नवल वाटू नये. पालक फी भरतात, पण तिच्यातून खर्चाचा काही भागच निघतो. उरलेला सारा देणग्यांवर चालतो.

देणगी कितीही असो, ती थेट शाळेच्या नावे द्यावी. मंडळाच्या खात्यात रक्कम जमा करू नये, म्हणजे हिशेबाचा प्रश्नच उरणार नाही. आपली कंपनी कर्मचाऱ्यांच्या देणगीइतकीच भर घालत असेल, तर तो अर्ज अवश्य भरावा; औषध व संगणक क्षेत्रात नोकरी करणारे आपले बरेच सभासद ही सवलत आळसापोटी सोडून देतात, हे आम्ही स्वतःवरूनच सांगतो. ज्यांचा स्वतःचा व्यवसाय आहे, त्यांनी पेनसिल्व्हेनियाच्या एज्युकेशनल इम्प्रूव्हमेंट टॅक्स क्रेडिट योजनेविषयी आपल्या हिशेबनिसांशी बोलावे. मान्यताप्राप्त शिष्यवृत्ती संस्थेला दिलेल्या रकमेच्या 75 टक्के, आणि सलग दोन वर्षे देण्याची हमी दिल्यास 90 टक्के रक्कम राज्याच्या व्यवसायकरातून वजा होते. मात्र एकूण निधीला मर्यादा असल्याने अर्ज वेळेत करावा लागतो.

पैशांऐवजी वेळ देऊ इच्छिणाऱ्यांनी आधी शाळेला कोणत्या कामासाठी माणसे हवी आहेत, ते विचारावे. मुलांमध्ये नियमित काम करायचे असल्यास राज्याच्या कायद्यानुसार पोलीस पडताळणी आणि बालसुरक्षेविषयीचा दाखला लागतो. पेनसिल्व्हेनियात येऊन दहा वर्षे झाली नसतील, तर बोटांचे ठसेही द्यावे लागतात. हे कागद हाती यायला वेळ लागतो, म्हणून इच्छुकांनी आपली नावे समितीच्या सदस्यांकडे लवकर नोंदवावीत.

आपली,
सामाजिक उपक्रम समिती