आप्पा, बोट ठरली आहे

लास पाल्मास, ग्रॅन कॅनेरिया
नोव्हेंबर

ती. आप्पांना व सौ. आईला सा. न.

तब्येत झकास आहे. जेवणाचं विचारू नका, चटणी अजून शिल्लक आहे.

फोनवर आप्पा एकदम गप्प झाले म्हणून सगळं लिहूनच पाठवतो. आई म्हणते तसं ‘कुणाच्या तरी होडीत बसून’ मी चाललेलो नाही. थंडीच्या तोंडावर स्पेनच्या या कॅनरी बेटांवरून शिडाच्या खाजगी बोटी अटलांटिक ओलांडून कॅरिबियन बेटांकडं निघतात. मालक म्हणजे बहुतेक वेळा नवरा-बायको. रात्रंदिवस दोघांनीच पहारा द्यायचा तर झोपेचे हाल होतात, म्हणून ते एक-दोन माणसं सोबत घेतात. चौघं असलो की तीन तास पहारा आणि नऊ तास मोकळे. आपण काम करायचं आणि किराणा, डिझेलचा वाटा द्यायचा. माझा दिवसाला 15 युरो ठरला आहे. त्याच्यापेक्षा फार जास्त कुणी मागत असेल तर ते भाडं झालं. भाडं घेणाऱ्या बोटीला वेगळा परवाना आणि विमा लागतो. तो नसेल तर अशा मालकापासून चार हात लांबच राहावं.

कॅरिबियनमधल्या बार्बाडोसपर्यंत अंतर साधारण 2,700 सागरी मैल, म्हणजे 5,000 किलोमीटर. चाळीस फुटी बोट दिवसाला 130-140 मैल कापते, म्हणजे तीन आठवडे धरा. वादळांचा मोसम 30 नोव्हेंबरला संपतो, म्हणून त्याच सुमाराला निघायचं. आधी दक्षिणेला, आफ्रिकेजवळच्या केप व्हर्दे बेटांच्या बाजूला उतरायचं आणि ईशान्येचा वारा पाठीशी आला की पश्चिमेला वळायचं. कोलंबसही 1492 मध्ये याच बेटांवरून पुढं गेला. आप्पा, तुम्हाला आपल्यातलंच उदाहरण हवं असेल तर नौदलाचे दिलीप दोंदे 2009-10 मध्ये गोव्यात बांधलेल्या ‘म्हादेई’ या शिडाच्या बोटीतून एकटे पृथ्वीप्रदक्षिणा करून आले. आम्ही तर चौघं आहोत.

बोट मिळते ती धक्क्यावर फिरून आणि मरीनातल्या, म्हणजे खाजगी बोटींच्या बंदरातल्या, फळ्यावर चिठ्ठी लावून. सर्टिफिकेट फारसं कुणी बघत नाही. बोट लागते का, म्हणजे उलट्या होतात का, हलत्या शेगडीवर चौघांचा स्वयंपाक जमतो का, रात्री जागा राहशील का, एवढंच विचारतात. आधी एक दिवस बाहेर नेऊन आणतात. ती परीक्षा जशी आपली तशी त्यांचीही. लाइफराफ्ट म्हणजे बोट बुडाली तर चढायचा फुगणारा तराफा, त्याच्या सर्व्हिसिंगची तारीख बघायची. ईपर्ब म्हणून एक यंत्र असतं, ते 406 मेगाहर्ट्झवर उपग्रहाला हाक देतं, त्याच्या बॅटरीची मुदत बघायची. डोलकाठी धरणाऱ्या तारांच्या टोकाशी एक जरी धागा तुटलेला दिसला तर ती बोट नको. तळातल्या झडपा हातानं फिरतात का, झडप तुटली तर भोक बुजवायला प्रत्येकीशेजारी लाकडी खुंटी बांधली आहे का, हेही बघायचं. विचारल्यावर कप्तान चिडला तर बॅग उचलायची.

‘रंकाळ्यात पोहलास म्हणून समुद्रात जमेल का’, असं आई विचारते. नाही जमणार, आणि पोहायची वेळच येऊ द्यायची नाही. अंधार पडला की पट्टा अंगात आणि त्याचा हूक डेकवर ताणलेल्या पट्टीत, लघवीला उठलं तरी. खरा धोका वेगळाच. वारा पाठीमागून असताना शिडाखालचा आडवा दांडा अचानक या बाजूचा त्या बाजूला फिरतो आणि डोकं फोडतो. म्हणून त्याच्या टोकापासून एक दोर पुढं नेऊन आवळून ठेवतात. दुसरी भानगड घासण्याची. एकाच जागी घासून घासून दोर तुटतो, म्हणून रोज सकाळी सगळ्या दोरांवरून हात फिरवायचा आणि प्रत्येक दोर वीतभर सरकवायचा.

आता आईला पटणार नाही अशी गोष्ट. पुठ्ठ्याचा खोका बोटीवर येऊ देत नाहीत. किराणा धक्क्यावरच उलगडायचा, खोके तिथंच टाकायचे. पुठ्ठ्याच्या नळ्यांत झुरळांची अंडी असू शकतात, आणि भर समुद्रात झुरळं झाली की ती हटत नाहीत. डब्यांवरचे कागदही सोलून काढतात, कारण ओले कागद तळाशी जाऊन पाणी उपसणारा पंप तुंबवतात. मग डब्यावर मार्करनं लिहायचं, राजमा की टोमॅटो. भाजी धुऊन सावलीत कोरडी करायची, जराही ओल राहिली की सडते. कांदे एका जाळीत, बटाटे दुसरीत, एकत्र ठेवले की लवकर खराब होतात. अंडी फ्रिजमध्ये न ठेवलेलीच घ्यायची आणि रोज एकेक उलटवायचं. पहिल्या दिवशी वाटलं हे लोक अंड्यांची पूजा करतात की काय. पण बलक कवचाला चिकटत नाही आणि अंडी महिनाभर टिकतात. पाणी माणशी रोज चार लिटर धरून 336 लिटर, त्यावर वेगळे कॅन.

पासपोर्ट माझ्याकडंच आहे. निघण्याआधी पोलिसांकडं बाहेर पडल्याची नोंद करायची. बार्बाडोसला आपल्याला व्हिसा लागत नाही. मात्र क्रूच्या यादीतला माणूस उतरून तिथंच अडकला तर त्याला घरी पाठवायची जबाबदारी कप्तानावर येते, म्हणून त्यानं परतीच्या तिकिटाएवढी अनामत माझ्याकडून ठेवून घेतली आहे. ती परत मिळणार आहे. पण या महिन्यात तुम्हाला पैसे कमी येतील, हे आधीच सांगतो. सोसायटीचा हप्ता उसाच्या बिलातून भागवा, जानेवारीत मी दोन्ही मिळून पाठवतो.

ताईच्या लग्नाची तारीख माझ्यासाठी पुढं ढकलू नका. तारखेला बांधलेली बोट खराब हवेतही निघते, म्हणून मी कप्तानाला तारीख सांगितलेलीच नाही. कान पिळायला काकांच्या पोराला उभं करा, आणि भाऊजींना सांगा की माझा हिशेब शिल्लक आहे. गुजरीतलं सोनं आत्ताच ठरवून टाका. ताई रुसली असेल तर तिला फोनवर काही बोलू नका, मी वेगळं लिहितो.

माझ्या स्थळाच्या, जयसिंगपूरच्या मंडळींना मार्चपर्यंत थांबा म्हणून बघा. नाही थांबले तर अडवून ठेवू नका, मुलीचं वर्ष जायला नको.

तुमचा धाकटा