वाक्वाच्या काकींस, मनापासून

काकी, सादर नमस्कार.

फोनवर आभार मानायला गेलं की तुम्ही मधेच थांबवता आणि मुलाच्या अभ्यासाची चौकशी सुरू करता. म्हणून लिहून काढते आहे, आणि मुद्दाम चारचौघांत लिहिते आहे. इकडे मॉरिशसचं नाव काढलं की लोकांच्या डोळ्यांपुढे निळं पाणी आणि मधुचंद्राचे फोटो येतात. त्या बेटावर माणसं राहतात कशी, जेवतात काय, एकमेकांच्या दारात कशी जातात, हे मला तुमच्यामुळे कळलं. तुमचं ऋण सांगायचं तर हे सगळं सांगावंच लागेल.

ह्यांना मॉरिशसमध्ये एबेनला नोकरी लागली आणि आम्ही तुमच्या गल्लीत भाड्याने राहायला आलो तो जुलै महिना होता. जुलै म्हणजे तिकडचा हिवाळा, आणि वाक्वा हे गाव बेटाच्या मधोमध उंच पठारावर, त्यामुळे धुकं आणि भुरभुर पाऊस हटत नव्हता. सामान अजून खोक्यांतच होतं. तुम्ही दारात आलात ते एक शाल आणि झाकलेलं पातेलं घेऊन. आत होतं शेवग्याच्या पाल्याचं पातळ, लसूण-आलं घालून केलेलं, गरम भातावर ओतायचं. तुमच्याकडे त्याला ब्रेद मुरुमचा बुयाँ म्हणतात. आमच्या संगमेश्वरला शेवग्याचा पाला घरोघरी होतो, पण असा रस्सा मी पहिल्यांदाच खाल्ला. आणि मग तुम्ही मराठीत विचारलंत, "बाळ जेवलं का?" त्या क्षणी मला किती हायसं वाटलं ते शब्दांत सांगता येणार नाही.

पण तुमचं खरं थोरपण पुढच्या वाक्यात होतं. आयुष्यभर सरकारी प्राथमिक शाळेत मराठी शिकवलेल्या बाई तुम्ही. माझ्यासारखी ताजी कोकणातून आलेली शेजारीण मिळाल्यावर तुम्ही दिवसभर मराठीच बोलत बसला असतात तरी कुणी काही म्हटलं नसतं. तुम्ही म्हणालात, "मराठी आपण रविवारी बोलू. सोमवार ते शनिवार क्रिओल. नाहीतर तू इथे पाहुणीच राहशील." आणि तुम्ही तो नेम खरोखर पाळलात.

त्या नेमामुळे मला तो देश दिसायला लागला. संसदेचं आणि कचेरीचं काम इंग्रजीत, सकाळचं वर्तमानपत्र फ्रेंचमध्ये, देवघरात आणि सणावाराला ज्याची त्याची पूर्वजांची भाषा, आणि घरात, बसमध्ये, भांडणात, प्रेमात क्रिओल. फ्रेंचांच्या मळ्यांवर मादागास्कर आणि आफ्रिकेतून आणलेल्या गुलामांच्या तोंडी ती घडली आणि नंतर आलेल्या प्रत्येकाने ती आपली मानली. तरी शाळेत ती ऐच्छिक विषय म्हणून यायला २०१२ साल उजाडावं लागलं, हे सांगताना तुमच्या आवाजात चीड होती. मराठीच्या शिक्षिकेला क्रिओलसाठी चीड यावी, हे मला फार मोलाचं वाटलं.

धडे बाजारात झाले. कात्र बोर्नच्या बाजारात तुम्ही मला पुढे करायचात आणि स्वतः दोन पावलं मागे थांबायचात. "की मान्येर?" म्हणजे कसं काय, म्हणून सुरुवात करायची, मग "कोम्ये?" म्हणून भाव विचारायचा. भेंडीला लालो, शिराळ्याला पिपांगाय. अळूच्या पानांपुढे, कारल्यांपुढे उभं राहिलं की वाटायचं देवरुखच्या आठवडा बाजारात आहे, आणि शेजारच्या फळीवर फ्रेंच लांबट पाव रचलेले असायचे. परतताना दालपुरीच्या गाडीवर थांबायचं. ती एकेकटी मागत नाहीत, जोडीने मागतात, "एन पेर". चण्याची डाळ भरलेली पातळ पुरी, आत मोठ्या दाण्यांच्या वालाची उसळ, रुगाय म्हणजे टोमॅटोचा रस्सा, कोथिंबिरीची चटणी आणि जपून घालायची ती मिरची. सूटबूट घातलेला साहेब आणि बांधकामावरचा मजूर एकाच गाडीशी उभ्याने खाताना मी पाहिले. वर सब्जाचं बी घातलेला गार आलूदा, म्हणजे दुधाचं सरबत. तुम्ही माझ्या मुलाला तो पाजलात आणि त्याने तुम्हाला त्याच दिवशी आजी करून टाकलं.

वर्षभर दारात येणाऱ्या ताटांबद्दल मात्र सावकाश लिहायला हवं, कारण इथे ते सांगितलं तर लोकांना खरं वाटत नाही. ईदला समोरच्या घरातून बिर्याणी आली. चिनी नववर्षाला कोपऱ्यावरच्या दुकानदाराने गातो ला सीर पाठवला, चिकट, गडद, तांदळाच्या पिठाचा. दिवाळीला तुम्ही रताळ्याच्या पारीत गोड खोबरं भरून गातो पाताट तळलेत आणि माझ्या मुलाच्या हाती ताटं देऊन त्याला अख्ख्या गल्लीत पिटाळलंत. कुणाकडे द्यायचं, कुणाकडे नाही, असा प्रश्नच नव्हता. नाताळाच्या सुमारास लिची पिकते आणि गुलमोहर फुलतो, तेव्हा मागच्या आफ्रिकी वंशाच्या क्रिओल कुटुंबाने लिचीचे घोस आणून दिले. आणि गणपतीत तेच कुटुंब तुमच्या ओसरीवर मोदकांसाठी हक्काने बसलं होतं.

गणेश चतुर्थीची त्या देशात सार्वजनिक सुट्टी असते, हे इथे किती जणांना ठाऊक आहे? तिथे मराठी माणसं थोडकीच, तरी हा मान आहे. तुमच्या घरचा गणपती, टाळ, ढोलकी, आणि मग पायांत घुंगरू बांधून गोल धरून नाचणारी पोरं. तुमच्याकडे झाकरी म्हणतात, आमच्याकडे जाखडी. मी लहानपणापासून पाहत आलेला नाच, तीच पावलं, आणि नाचणारी मुलं घाम पुसता पुसता एकमेकांशी क्रिओल बोलत होती. मला रडू आलं, तुम्ही पाठीवर हात ठेवलात आणि काही विचारलं नाहीत. त्याबद्दल वेगळे आभार.

त्याच सप्टेंबरात तुम्ही मला पोर्ट लुईजवळच्या सेंत-क्रुआला नेलंत, पेर लावाल यांच्या समाधीवर. मुक्त झालेल्या गुलामांमध्ये काम करणारे हे धर्मगुरू ९ सप्टेंबर १८६४ला वारले, आणि त्या तिथीच्या आदल्या रात्री बेटाच्या कानाकोपऱ्यातून माणसं चालत येतात. कुंकू लावलेल्या बायका मेणबत्त्या घेऊन रांगेत. तुम्हीही त्यांतल्या एक. महाशिवरात्रीला गंगा तलाव या तिथल्या पवित्र तळ्याकडे पायी निघालेल्यांना वाटेवरची घरं सरबत आणि खाणं देतात, तेही मी तुमच्याच शेजारी उभी राहून वाटलं.

सगळं गोडच आहे असं तुम्ही मला कधी भासवलं नाहीत. निवडणुका आल्या की कोण कुठल्या समाजाचा हे मोजलं जातं, हे तुम्हीच सांगितलंत. १९९८ साली नव्या नोटांवर तमिळ ओळ हिंदीच्या खाली गेली म्हणून एवढा क्षोभ झाला की त्या नोटा मागे घ्याव्या लागल्या, हेही. "एवढ्याशा बेटावर सगळ्यांना जागा करून राहायचं म्हणजे रोज जपावं लागतं," हे तुमचं वाक्य मला पटतं. ताटं आपोआप फिरत नाहीत. कुणीतरी उठून ती भरावी लागतात, आणि तुमच्या गल्लीत त्या उठणाऱ्या तुम्ही होतात.

काकी, चक्रीवादळाच्या त्या रात्रीबद्दल मी आजवर नीट बोललेच नाही. हे कामासाठी परदेशात, घरात मी आणि तापाने फणफणलेलं पोर. रेडिओवर वाक्वाच्या वेधशाळेचं निवेदन दर थोड्या वेळाने येत होतं. इशाऱ्याच्या चार पायऱ्या असतात आणि वरच्या पायऱ्यांवर गेलं की सगळा देश दारं लावून घरात बसतो, हे तुम्ही आधीच शिकवलं होतं. पाणी भरून ठेवायचं, पाव, मेणबत्त्या, डबाबंद मासे, अंगणात काहीही सुटं ठेवायचं नाही. मी सगळं केलं होतं, पण एकटीने रात्र काढायची हिंमत नव्हती. वारा वाढायच्या आत तुम्ही आलात, मुलाला उचललंत आणि म्हणालात, "चल." रात्रभर खिडक्या घुमत होत्या आणि तुम्ही त्याच्या कपाळावर पट्ट्या ठेवत मला १९६०च्या कॅरोल वादळाचं सांगत होतात. तुम्ही शाळकरी पोर होतात, छप्पर गवताचं होतं आणि ते तुमच्या डोळ्यांदेखत गेलं. त्या वादळात हजारो घरं गेली. त्यानंतर बेटावर काँक्रीटची घरं उभी राहू लागली ती आजतागायत. म्हणूनच तिथली घरं तशी ठोकळेबाज दिसतात. मला ती त्या रात्रीपासून सुंदर वाटतात.

पहाटे ताप उतरला. वाट मोकळी झाल्यावर तुम्ही आम्हाला सरकारी दवाखान्यातही नेलंत. तिथे तपासणीचे आणि औषधाचे पैसे कुणी मागितले नाहीत, सरकारी आरोग्यसेवा त्या देशात मोफत आहे.

आणखी एका दिवसाचे आभार राहिलेत. पोर्ट लुईच्या बंदरावरचा आप्रवासी घाट, म्हणजे हिंदुस्थानातून करारावर आणलेले मजूर जिथे उतरायचे ती जागा. २ नोव्हेंबर १८३४ला पहिली ३६ माणसं ॲटलस जहाजातून आली, आणि १९२०पर्यंत असे जवळजवळ पाच लाख करारी मजूर, म्हणजे गिरमिटिये, आले. तुम्ही तिथल्या पायऱ्या चपला काढून चढलात. नंतर मोका गावातल्या महात्मा गांधी संस्थेत, जिथे आप्रवासींची दप्तरं जपून ठेवली आहेत, तिथून मिळालेली तुमच्या पणजोबांच्या नोंदीची नक्कल तुम्ही मला दाखवलीत. नंबर, जहाज, वय, आणि मोडक्या स्पेलिंगमध्ये रत्नागिरी. त्यांचं एकट्याचं नाव पुढे साऱ्या घराण्याचं आडनाव झालं, खरं आडनाव कुणालाच सांगता येत नाही. परत येताना बसमधून तुम्ही उसाच्या शेतांतले काळ्या दगडांचे ढीग दाखवलेत. ज्वालामुखीचे ते दगड माणसांनी हातांनी वेचून रचले, तेव्हा कुठे ऊस उभा राहिला. तुम्ही एवढंच म्हणालात, "ह्यातले काही आमचे." मी तुमचा हात धरून बसले होते, आठवतं ना?

मुलगा अजून चिडला की क्रिओलमध्ये चिडतो. वर्गात त्याने परवा सेगाबद्दल, म्हणजे तिथल्या गाण्या-नाचाबद्दल, सांगितलं. रावान या डफासारख्या वाद्याचं बकऱ्याचं कातडं वाजवण्याआधी विस्तवावर धरून तापवतात, आणि त्या सेगाला २०१४ साली युनेस्कोच्या यादीत मान मिळाला, हे त्याला तोंडपाठ होतं. फ्लिक-आँ-फ्लाकच्या सुरूंखाली रविवारी वाजायचा तो रावान तुम्हीच त्याच्या हाती दिला होतात.

तुम्ही मागितलेली जाखडीची कवनं मी आमच्या गावच्या मंडळाकडून उतरवून घेतली आहेत. वही टपालाने निघाली आहे, सोबत चालींचं ध्वनिमुद्रण आहे. मुलांना आधी गण शिकवा, त्याची चाल सोपी आहे. गवळण जरा चढी आहे, ती मोठ्या मुलींना द्या. सवाल-जवाबात काही शब्द अगदी संगमेश्वरी आहेत, तिथे अडलं तर रविवारी फोन करा, मी घरीच असते.

तुमची,
वाक्वातली शेजारीण