‘बेल’मध्ये

रेडिंग,
रविवार रात्र

प्रिय दिन्या,

पब म्हणजे अंधार आणि कानठळ्या, हे तुझं मत. आज मी जिथे होतो तिथे मोबाईलसुद्धा वाजवायला बंदी आहे.

गोरिंगला उतरलो, थेम्स ओलांडून स्ट्रीटलीचा चढ धरला. तासाभर तंगडतोड केली तेव्हा आल्डवर्थ आलं. चिमुकलं गाव. चर्चमध्ये चौदाव्या शतकातल्या द ला बेश घराण्याच्या नऊ दगडी मूर्ती आहेत, माणसाहून मोठ्या. सतराव्या शतकातल्या इंग्लंडच्या यादवीत क्रॉमवेलच्या सैनिकांनी बऱ्याच फोडल्यात म्हणतात. पण मी काही मूर्ती बघायला गेलो नव्हतो.

पबचं नाव ‘द बेल इन’. अडीचशेहून जास्त वर्षं एकाच घराण्याकडे आहे. आत काउंटरच नाही! भिंतीत काचेची एक खिडकी, एसटीच्या तिकीट खिडकीसारखी. वाकून काय हवं ते सांगायचं. मी आर्केल्सची ‘थ्रीबी’ नावाची बिअर घेतली. ही कंपनी जवळच्या स्विंडनची, १८४३ पासूनची. एक पाइंट म्हणजे ५६८ मिली, तेव्हा दुसरा मागवताना विचार कर.

पहिला घोट घेतला आणि वाटलं, फ्रीज बिघडलाय. तसं नसतं रे. ही एल, म्हणजे पारंपरिक इंग्लिश बिअर, पिंपात भरल्यावरही आंबत राहते, यीस्ट जिवंत असतं. बाहेरून गॅस सोडत नाहीत, तळघरात साधारण बारा अंशांवर ठेवतात. माठातल्या पाण्याइतकी गार. बर्फासारखी थंड केली तर चवच मरते. अर्ध्या ग्लासात मला ती कडसर, किंचित बिस्किटासारखी चव कळायला लागली, आणि आजवर आपण फक्त गारवाच पीत आलो असं वाटलं.

खायला गरमागरम कुरकुरीत पाव, आत भरपूर सारण. सोबतच्या मित्राने बैलाची जीभ घातलेला घेतला आणि मिटक्या मारत खाल्ला. मी चीजवर भागवलं.

तेवढ्यात खिशात फोन थरथरला. आई! धावत बाहेर आलो.

“कुठे आहेस?”

“बेलमध्ये,” तोंडातून निघून गेलं.

“अगं बाई, महादेवाला गेलास? बरं केलंस, उद्या श्रावणी सोमवार.”

मी काही बोललो नाही. तूही बोलू नकोस. आणि तू येशील तेव्हा सोमवार टाळ. त्या दिवशी ‘बेल’ बंद असतो.

तुझा,
अव्या